फी माफ केली, की बापाच्या नावावर उधार घेतली?

परवा सेतू केंद्राबाहेर ओळखीचे एक काका भेटले. हातात पिशवी. पिशवीत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पासबुकाची झेरॉक्स. पोरीला कॉलेज लागलंय. मला बघून म्हणाले, "भाऊ, पोरीईचं शिक्षण फुकट केलं म्हनत व्हते ना? मंग कॉलेजवाले पैशे कायचे मांगून रायले?"

पत्रकार असून मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय. जरा लांब आहे, पण घरात बारावी झालेलं पोरगं असेल तर पूर्ण वाचा.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय सांगतो की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. निर्णय चांगला आहे. चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं काही जात नाही.

पण बॅनरवर 'मोफत' हा शब्द मोठा असतो, बाकीचं नसतंच. माफ फक्त दोन शुल्कं. विकास निधी, ग्रंथालय, जिमखाना, अनामत, खोलीभाडं, मेस, एसटीचा पास हे सगळं बापाच्या खिशातून. आणि मुलगा असेल तर बहुतेकांना राजर्षी शाहू योजनेत शिक्षण शुल्काची निम्मीच सवलत. पोरगा काय निम्मंच शिकतो?

खरी मेख पुढे आहे. तिचं नाव 'प्रतिपूर्ती'. म्हणजे सरकार कॉलेजला पैसे देणार, पण नंतर. नंतर म्हणजे कधी, ते महाडीबीटीलाच ठाऊक. प्रवेशाच्या वेळी फी मागू नका, असं सरकार कॉलेजांना वारंवार बजावतं. बजावायला पैसे लागत नाहीत, पाठवायला लागतात. मग कॉलेज म्हणतं, "आधी भरा, आले की परत देऊ." आणि बाप उसनवारीला निघतो.

साधा हिशोब करू. ४० हजार भरायचेत असं धरा. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. आपल्या मार्केटात तो किती जणांना मिळाला, हे तुम्हीच सांगा. चार हजारानं धरलं तर दहा क्विंटल. कोरडवाहूतलं दोन एकरांचं सगळं पीक, तेही बियाणं, फवारणी, मजुरी न कापता. शिवाय प्रवेश पावसाळ्यात आणि सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर. मधल्या महिन्यांत पैसे कोण देतं? सावकार.

म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या माफीचं व्याज आपला शेतकरी भरतो. याला माफी म्हणत नाहीत राव, याला उधारी म्हणतात. तीही दुसऱ्याच्या नावावर घेतलेली.

आता "पोरं अभ्यास सोडून आंदोलनं करतात" म्हणणाऱ्यांसाठी. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची पोरं संपावर गेली. मुंबईतच नाही, आपल्या मराठवाड्यातल्या तुळजापूरलासुद्धा. कारण काय? केंद्राच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या एससी, एसटी, ओबीसी पोरांना वसतिगृह आणि जेवणाचे पैसे आता आधी स्वतः भरा, असं सांगितलं गेलं. संस्था म्हणे, आम्हाला पैसे पुरत नाहीत. तेव्हा अनेकांना वाटलं, हे मुंबईचं भांडण. आज तेच "आधी भरा" मेहकर, लोणार, संग्रामपूरच्या पोरांच्या दारात आहे. ती पोरं आपलंच भांडण भांडत होती, आपल्याला उशिरा कळलं.

पैसा नाही, हे कारण तर सांगूच नका. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगानं १९६६ ला सांगितलं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही तेच ६ टक्के. ५४ वर्षांत आकडा बदलला नाही, कारण तो कधी गाठलाच नाही. कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे मास्तर मानधनाची वाट बघत शिकवतात. मग वाढीव फी कशासाठी?

आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला नाव संत गाडगेबाबांचं. बाबा कीर्तनात सांगायचे की जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर घ्या, पण पोराला शिकवा. आमच्या बापजाद्यांनी ऐकलं. माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमासाठी घरची बैलजोडी गेली. पण बाबांनी हे गरिबाला सांगितलं होतं, त्याच्या पोटच्या पोरासाठी. सरकारनं ती मोडीतली ताटं गोळा करत फिरावं, असं नव्हतं सांगितलं.

मागण्या तीनच. एक, प्रतिपूर्तीची तारीख ठरवा आणि उशीर झाला तर व्याज सरकारनं भरावं, बापानं नाही. दोन, पैसे आले नाहीत म्हणून कोणाचं हॉल तिकीट किंवा टीसी अडवू नका. तीन, प्रत्येक कॉलेजनं कोणत्या नावाखाली किती घेतात, ते मराठीत दर्शनी भिंतीवर लावावं.

जिल्ह्यात सात आमदार आहेत. येत्या अधिवेशनात एकानं तरी एवढंच विचारावं की बुलडाणा जिल्ह्यातल्या कॉलेजांची किती प्रतिपूर्ती थकली आहे? उत्तर मिळालं की मी इथेच जसंच्या तसं टाकीन, पक्ष न बघता.

तोवर उद्या पोरं तहसीलसमोर बसली तर गाडी वळवून जाऊ नका. दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. आणि कॉलेजात पैसे भरले असतील तर पावती जपून ठेवा. पावती देत नसतील तर मला कळवा, नाव गुप्त राहील.