पहिली हाक शेजारच्या खोलीतली

डहाणू तालुक्यात सासवंदला २०१७ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरापासून इतक्या लांब आलेला लातूर-गोंदियाचा मुलगा नापास झाल्याच्या रात्री कोणाकडे जाईल? समुपदेशकाची वेळ दिवसाची. तो मुलगा दोन दिवस मेसला आला नाही, कपडे बदललेले नाहीत, पहाटेपर्यंत दाराखालून उजेड दिसतो, हे कळते फक्त शेजारच्या खोलीतल्याला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाच्या २०२४ च्या अहवालात पाहणीतल्या १६.२ टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. पदव्युत्तरांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले. अशा वेळी काय विचारायचे, काय बोलायचे नाही, हे त्या शेजाऱ्याला शिकवणे आपले, अध्यापकांचे, काम आहे.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती मन कसे सोपवायचे, असा आक्षेप येतो. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचे आजारी बाळ वेळेत आरोग्य केंद्रात पोहोचावे म्हणून आपण आशाताईवर विसंबतोच ना? गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत काम केले आणि रुग्णांना त्याचा गुण आला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. मात्र ते समुपदेशक एकटे नव्हते. नीट प्रशिक्षण होते, कामाची नियमित तपासणी होती. अशा शिकवलेल्या शेजाऱ्याचे, म्हणजे विद्यार्थी-सोबत्याचे, काम तर त्याहून लहान: ऐकणे, जिवाला धोका आहे का हे सरळ विचारणे आणि जाणत्या माणसापर्यंत सोबत जाणे. उपचार त्याने करायचेच नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. त्रास देणारे बरोबरीचे किंवा वरच्या वर्गातलेच असले तर? २०१९ मध्ये आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळाचे आरोप झाले, ते आदिवासी भागात शिकवणाऱ्यांनी विसरू नये. म्हणून सोबती विभागप्रमुखांनी नेमू नयेत, मुलांनी निवडावेत. आपल्याच युनिटचा सोबती कोणाच्या माथी मारू नये. सांगितलेले गुप्त राहील, पण जीव धोक्यात असेल तर राहणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करावे. आणि सोबती मिळाले म्हणून ड्युटी वाढवण्याची मुभा मिळत नाही: निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, ही कृतिदलाची शिफारस तशीच पाळायला हवी. सोबतीचा वेळ त्या तासांतच धरावा, आणि रात्री दोनलाही फोन उचलणाऱ्या एका अध्यापकाचा नंबर सोबत्याजवळ असावा.