आधी भरड दगड घ्या, चमकवणारा नंतर



सुऱ्यांना धार लावून द्यायचं काम सुरू करायचं म्हणणारे मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, सगळ्यात बारीक दगड कुठला घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. पहिला पैसा भरड दगडावर घाला.

ही चूक मी स्वतः केलीय. व्हिडिओत आरशासारखी चमकणारी सुरी बघितली आणि १०००/६००० ग्रिटचा दुहेरी दगड घेऊन बसलो. जवळच्या खानावळीच्या ताईंनी सहा सुऱ्या दिल्या. दोन दिवस घासून, चमकवून परत केल्या. चौथ्या दिवशी ताई दुकानात. "दादा, चकाकी छान आहे हो, पण टोमॅटो चेपतोय." पैसे परत द्यावे लागले.

चुकलं काय? सुरीचं पातं धारेपासून पाठीकडे जाड होत जातं. वर्षानुवर्षं घासून धार मागे सरकली की ती जाड भागात येते. अशा सुरीवर मी बारीक दगड फिरवत होतो. तो कडेपर्यंत पोचतच नव्हता, नुसता वरचा खांदा चमकत होता.

अशा वेळी धारेचा उतार नव्याने पाडावा लागतो. यालाच रीप्रोफायलिंग म्हणतात. हे काम २२० ते ४०० ग्रिटचं. इथे लोखंड काढायचं असतं आणि १००० वर ते करायला बसलात तर तास जातो. रोजच्या वापराने थोडी बोथट झालेली सुरी मात्र १००० वर काही मिनिटांत तयार होते. तिला भरड दगड लावला तर उगाच पातं झिजवाल.

म्हणून सुरुवातीला तीनच गोष्टी घ्या:

१. भरड दगड. सिलिकॉन कार्बाइडचा दुहेरी दगड हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. डायमंड प्लेट महाग पडते, पण तिच्यात खड्डा पडत नाही. तिच्यावर जोर मात्र देऊ नका, हिऱ्याचे कण निघून जातात.

२. १००० ग्रिटचा पाण्याचा दगड. यावर तेल कधीच टाकायचं नाही.

३. दगड सपाट करायची सोय. जाड काच आणि तिच्यावर भरड वॉटर पेपर. दगडावर पेन्सिलने रेघा मारा, पाणी घालून घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. खड्डा पडलेल्या दगडावर कोन कधीच नीट राहत नाही.

३००० किंवा ६००० चा दगड पहिल्या कमाईतून घ्या.

कोनाचंही तेच. जपानी सुरीला १५ अंश चालतो म्हणून तो सगळीकडे लावू नका. आपल्याकडच्या बहुतेक साध्या स्टीलच्या सुऱ्या मऊ असतात, इतकी पातळ धार लगेच वळते. प्रत्येक बाजूला २० अंशांच्या आसपास धरा. कडेला मार्कर लावून दोन-चार हात फिरवा. शाई कुठून गेली ते बघा. अगदी कडेची शाई तशीच असेल तर तुमचा दगड धारेला लागतच नाहीये. मला हे तेव्हा माहीत असतं तर ताई परत आल्या नसत्या.

"सर, ग्राइंडर घेतला तर?" वेग मिळतो, मान्य. पण कोरड्या चाकावर धार निळी पडली की समजा, स्टीलचं पाणी उतरलं. ती धार टिकणार नाही आणि गिऱ्हाईकही.

आता धंद्याचं बोलू. दोन कामांचे दोन दर ठेवा: नुसती धार आणि उतार पाडून धार. सुरी हातात घेतल्यावर गिऱ्हाइकासमोरच तपासा आणि कुठलं काम लागेल ते तेव्हाच सांगा. एकाच दरात दोन्ही केलंत तर दिवसभर राबाल आणि संध्याकाळी गल्ला रिकामा. उतार एकदा नीट पाडून दिलात की तीच सुरी पुढच्या वेळी पाच-सात मिनिटांचं काम होते. खरा नफा त्या परत येणाऱ्या सुरीत आहे.

त्या ताईंच्या सुऱ्या मी नंतर ४०० वर नव्याने केल्या, फुकट. आज त्या दर महिन्याला येतात. चकाकीबद्दल त्यांनी परत कधी विचारलं नाही.

या आठवड्यात घरातली सगळ्यात बोथट सुरी काढा आणि तिच्यावरच हात बसवा. गिऱ्हाइकाची सुरी त्यानंतर. भेटू पुढच्या व्हिडिओत!