गुरुजींचा मोर्चा आणि आपल्या पाड्याची शाळा

२५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरातल्या गुरुजींनी सामूहिक रजा टाकून जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे नेले. तेव्हा गावात एकच बोलणं होतं, "एवढा पगार, तरी रडणं आहेच!" पण मुख्य भांडण पगाराचं नव्हतं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने छोट्या शाळांतली पदं जातील आणि अशैक्षणिक, ऑनलाइन कामांत शिकवायला वेळ उरत नाही, हे संघटनांचं म्हणणं होतं.

आता आपल्या शहापूर, मुरबाडकडची दोनशिक्षकी शाळा बघा. एक गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेले की दुसऱ्याने सगळे वर्ग सांभाळायचे. वर पोषण आहाराचा हिशेब आणि रेंज शोधत मोबाईलवर माहिती भरणं.

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. मतदार यादीचं कामही सुट्टीच्या किंवा शिकवणं नसलेल्या दिवशीच द्यावं, असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय.

काही गुरुजी मुख्यालयी राहत नाहीत, ही आपली तक्रार आहेच. ती तोंडावर विचारू. पण शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो. गुरुजी किती दिवस बाहेरच्या कामाला गेले ते लिहून ठेवा, ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. संघटना गुरुजींसाठी भांडेल. पोरांच्या बुडालेल्या तासांसाठी आपल्यालाच बोलावं लागेल.