बाईंच्या वर्गातून : अर्ध्या किमतीचं तिकीट



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या चौथीच्या वर्गात एक निबंध ठरलेला असतो. विषय तुम्ही ओळखलाच असेल! 'मी सुट्टीत काय केले?' मग कुणी मामाच्या गावाला गेलेलं असतं, कुणी सोसायटीत मातीचा किल्ला केलेला असतो, कुणी सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाल्लेली असते. चाळीस वह्या तपासता तपासता माझीसुद्धा निम्म्या महाराष्ट्राची सहल होऊन जाते.

मागच्या दिवाळीनंतर अशाच वह्या तपासत होते. एका मुलाने फार सुंदर निबंध लिहिला होता. मुंबईच्या वाटेवरच्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात तो घरच्यांबरोबर गेला होता. उलटी होऊन धावणारी गाडी, पाण्यातली घसरगुंडी, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं केलं होतं त्याने. आजी पाळण्यात बसल्यावर डोळे मिटून रामराम म्हणत होती, हेसुद्धा लिहिलं होतं. मी खाली 'फारच छान' असा शेरा दिला आणि शेजारी चांदणी काढली.

मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"बाई, तो शेरा खोडा."

"का रे?"

"आम्ही आत गेलोच नाही."

त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. तसं त्याला वचन दिलंय. पण घडलेली गोष्ट सांगायला त्याची आणि त्याच्या बाबांची परवानगी आहे.

त्याचे बाबा टेम्पो चालवतात. सुट्टीत त्यांच्या फोनवर एक निरोप आला. 'मनोरंजन उद्यानाची तिकिटं अर्ध्या किमतीत. फक्त आजच्या दिवस. थोडीच शिल्लक.' पाठवणारा ओळखीचाच होता, पण त्यालाही तो निरोप दुसऱ्याकडून आला होता. बाबांनी हिशेब केला. आई, बाबा, आजी, हा आणि धाकटी बहीण, अशा पाच माणसांचे दारावर साडेसात हजार झाले असते. इथे साडेतीन हजारांत काम होत होतं. त्यांनी निरोपातल्या नंबरावर पैसे पाठवले. पाच मिनिटांत पाच तिकिटांची चित्रं आली. नाव, तारीख, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, सगळं जिथल्या तिथे!

रविवारी पहाटे उठून आईने पुऱ्या केल्या. मंडळी उद्यानाच्या दारात पोचली. तिथल्या ताईने यंत्र तिकिटावर धरलं. लाल दिवा लागला. दुसऱ्या तिकिटावर धरलं. पुन्हा लाल. "काका, ही तिकिटं आधीच वापरली गेलीत," ती म्हणाली. पाचही तिकिटांचं तेच. नवीन तिकिटं काढायला पैसे नव्हते. बाबांनी विकणाऱ्याला फोन लावला, तर तो बंद!

भिंतीबाहेर एका झाडाखाली बसून त्यांनी डबा खाल्ला. आतून मुलांच्या ओरडण्याचे आवाज येत होते. घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, "कुणाला सांगू नका. लोक हसतील."

म्हणून त्याने तो निबंध लिहिला. जे आतून ऐकू येत होतं, ते आपण पाहिलं असं समजून.

मुलांनो, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. फसवणारा मजेत, आणि फसलेलं घर मात्र तोंड लपवून बसलेलं! हे उलटंच झालं की नाही?

दुसऱ्या दिवशी मी कुणाचं नाव न घेता वर्गात एक खेळ घेतला. तुम्हीही घरी खेळून बघा. वाचनकोपऱ्याची केली बाग. दारात एक मुलगी बसवली आणि तिला एक वही दिली. वहीत १ ते ४० आकडे लिहिलेले. एका चिठ्ठीवर मी २७ आकडा लिहिला आणि एका मुलाला दिली. "आता हिच्या हुबेहूब तीन नकला करा," मी म्हटलं. झाली चार तिकिटं! चौघं दारात रांगेने उभे राहिले. पहिल्याने चिठ्ठी दाखवली. मुलीने वहीतल्या २७ वर काट मारली आणि त्याला आत सोडलं. दुसरा आला.

"हा आकडा झालाय," ती म्हणाली.

"अगं पण माझी चिठ्ठी खरी आहे! बाईंच्या अक्षरातली आहे!"

"असेल. पण वहीत काट पडली ना!"

वर्गात एकच गोंधळ. कुणी म्हणे, हा अन्याय आहे. कुणी म्हणे, दारावरची काय करणार? मी त्यांना थोडं भांडू दिलं. मग विचारलं, "तिकीट कुठे आहे? चिठ्ठीत की वहीत?"

थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आलं, "वहीत!"

अगदी बरोबर. तो ठिपक्यांचा चौकोन म्हणजे आपल्या खेळातला २७ आकडा. यंत्र तो वाचतं आणि उद्यानाच्या संगणकातल्या वहीत बघतं की असा आकडा आहे का, असला तर त्यावर काट पडलीय का. चित्राच्या नकला हव्या तितक्या निघतात, पण काट एकदाच पडते. शिवाय आपल्या फोनवरचं चित्र बघून आपल्याला काय कळतं? काट पडलीय की नाही, हे नाही कळत. मुळात असा आकडा वहीत आहे की नाही, हेही नाही कळत. म्हणून आपण स्वतः काढलेल्या खऱ्या तिकिटाचा फोटोसुद्धा हौसेने चार जणांना पाठवू नये. तो आपल्याआधी दारात पोचायचा!

जुन्या काळी असं नव्हतं. टॉकीजबाहेर 'ब्लॅक'ने तिकिटं विकणारे असायचे. तुमच्या आजोबांना विचारा. तो माणूस लबाड खरा, पण त्याने खिडकीवरून घेतलेलं छापील तिकीट एकच असायचं. आपल्याकडे आलं की त्याच्याकडे राहायचं नाही. आता विकणाऱ्याकडेही तिकीट राहतं आणि घेणाऱ्याकडेही राहतं. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, मग स्वस्तात तिकीट घ्यायचंच नाही का?" घ्या की! पुणेकरांना स्वस्त नको, असं कोण म्हणेल? मीही लहानपणी सवलतीच्या तिकिटावरच गोराईचं एस्सेलवर्ल्ड पाहिलं. १९८९ साली सुरू झालेलं ते उद्यान आता बंद झालंय. आम्ही शाळेची मुलं होडीतून खाडी ओलांडून गेलो होतो. एकदम खूप मुलं येणार म्हणून उद्यानाने शाळेला दर कमी लावला होता. ती सवलत खरी होती, कारण ती का आहे हे सांगता येत होतं.

खऱ्या सवलतीला नेहमी कारण असतं. सोमवार ते शुक्रवार गर्दी कमी असते, म्हणून काही ठिकाणी दर कमी. आधीपासून तिकीट काढलं तर दर कमी. कधी उद्यान आपली तिकिटं विकायला एखाद्या दुकानदाराला नेमतं. समजा, तिकीट १००० रुपयांचं आहे. त्याला ते ८८० ला मिळालं आणि त्याने तुम्हाला ९४० ला दिलं. तुमचे ६० वाचले, त्याला ६० मिळाले, उद्यानाला ८८० मिळाले. सगळे खूश. पण कुणी तेच तिकीट ४५० ला देतो म्हणाला, तर उद्यानाला ८८० कोण देतंय? हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला. वर्ग एका सुरात म्हणाला, "कुणीच नाही!"

एखाद वेळी उद्यान स्वतःच अर्धी किंमत करतं. मग ते त्याच्या स्वतःच्या खिडकीवर किंवा संकेतस्थळावर लिहिलेलं सापडतं. तिथे नसेल, तर शंका घ्यावी.

ज्याला जाणं जमत नाही, त्याचं तिकीट घेतलं तर? त्यातही जपायला हवं. पुष्कळ तिकिटं एका ठरावीक तारखेची असतात, आणि काही तर दुसऱ्याला देताच येत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडाला १९७१ साली सुरू झालेलं डिस्नेचं प्रचंड मोठं उद्यान आहे. तिथे जितक्या जास्त दिवसांचं तिकीट घ्याल, तितका रोजचा दर कमी पडतो. लोक जास्त दिवसांचं तिकीट घेत, आणि उरलेले दिवस रस्त्याकडेच्या दुकानांत विकून टाकत. घेणाऱ्याला मात्र किती दिवस शिल्लक आहेत, हे दारात गेल्यावरच कळे! शेवटी असं उरलेलं तिकीट विकणं फ्लोरिडाच्या कायद्याने गुन्हा ठरलं, आणि एक तिकीट एकाच माणसाने वापरावं म्हणून उद्यानाच्या दारावर बोट टेकवायची यंत्रं बसली. म्हणजे हे दुखणं काही आपल्याकडचंच नाही.

मग काय करायचं? मंडईत आपली आजी मेथीची जुडी कशी घेते, ते आठवा. उलटून बघते, देठ मोडून बघते, "सकाळची आहे ना रे?" असं विचारते. वीस-तीस रुपयांच्या जुडीला चार प्रश्न! मग साडेतीन हजारांच्या तिकिटांना एक तरी प्रश्न हवाच. तो विकणाऱ्याला न विचारता दार उघडणाऱ्याला विचारावा. उद्यानाला फोन करून म्हणावं, "अमुक माणूस तुमची तिकिटं विकतो, तो तुम्ही नेमलेला आहे का?" फोनचा नंबर मात्र त्या निरोपातला घेऊ नये, आपण स्वतः शोधावा. संकेतस्थळाचं नाव अक्षर अन् अक्षर वाचावं. 'फक्त आजच', 'एका तासात' असं कुणी घाई करू लागलं, तर आपण मुद्दाम सावकाश व्हावं. आणि एक गोष्ट पाठच करा : फोनवरून पैसे देताना गुप्त आकडा घालावा लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. 'परतावा देतो, आकडा घाला' असं कुणी म्हटलं, की फोन ठेवून द्यायचा.

इतकं करूनही कुणी फसलंच, तर? तर त्याच क्षणी मोठ्यांना सांगून १९३० या क्रमांकावर फोन करायचा. फोनवरून झालेल्या पैशांच्या फसवणुकीसाठी हा क्रमांक देशभर आहे. लवकर कळवलं आणि पैसे फसवणाऱ्याच्या खात्यातच असले, तर ते तिथेच अडवता येतात. उशीर झाला की ते पुढे पुढे सरकतात. दुकानदाराविरुद्धच्या तक्रारीसाठी ग्राहकांचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि बरं का, ग्राहकाने गप्प बसू नये हे सांगणारी ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली आपल्या पुण्यातच सुरू केली. ग्राहकांसाठी कायदा आला तो त्यानंतर, १९८६ साली. त्याला २४ डिसेंबरला मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. २०१९ साली त्या जागी नवा कायदा झाला.

आमच्या या मुलाच्या बाबांना मी शाळेत बोलावलं. आधी ते खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "बाई, पोरांना मोठ्या तोंडाने सांगितलं होतं हो मी, नेतो म्हणून." त्याच संध्याकाळी त्यांनी तक्रार नोंदवली. पण मध्ये बारा दिवस गेले होते. पैसे मिळाले नाहीत. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट केली. टेम्पोवाल्यांच्या ज्या गटात तो निरोप फिरत होता, तिथे त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं, 'मी फसलो. तुम्ही घेऊ नका.' त्यावर दोघांचे फोन आले. ते त्या दिवशी पैसे पाठवणारच होते!

आणि मुलाने? त्याने निबंध पुन्हा लिहिला, खरा खरा. लाल दिवा, झाडाखालच्या पुऱ्या, भिंतीपलीकडचे आवाज आणि "आपण आत कधी जायचं?" असं विचारणारी बहीण. तो त्याने स्वतःहून वर्गात वाचून दाखवला. मी जरा घाबरलेच होते. पण कुणीही हसलं नाही. वाचून झाल्यावर तीन हात वर आले. एकाच्या काकांना वीजबिलाच्या खोट्या निरोपाने फसवलं होतं, एकीच्या ताईला नोकरीच्या, आणि तिसऱ्याच्या घरी तर अशीच तिकिटं घेतली होती. तिघांनीही तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या निबंधावरचा शेरा मी खोडला. दुसऱ्यावर चांदणी काढली.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. आज रात्री जेवताना घरी विचारा, "आपल्याला कधी कुणी फसवलंय का?" आणि कुणी सांगू लागलं, तर हसू नका. नीट ऐका. काय कळलं ते मला पत्रातून जरूर कळवा. नाव लिहायचं नसेल, तर नका लिहू.

तुमच्या
बाई