बालपुस्तकाचे प्रकाशन: मंचावर की मांडीवर?

लहान मुलांच्या चित्रपुस्तकाच्या प्रकाशन समारंभास आपल्यापैकी अनेक जण केव्हा ना केव्हा उपस्थित राहिले असतील. चर्चचे सभागृह असते. मंचावर सात खुर्च्या, त्यांपुढे झालर लावलेले टेबल, मागे मान्यवरांच्या छायाचित्रांचा फलक. दीपप्रज्वलन होते, प्रार्थनागीत होते, शाली पांघरल्या जातात, श्रीफळे दिली जातात. मग रंगीत कागदात बांधलेल्या पुस्तकाची फीत सुटते, मान्यवर ते छातीशी धरून छायाचित्रकाराकडे पाहतात आणि टाळ्या होतात. पुढचे दोन तास भाषणे. ज्यांच्यासाठी ते पुस्तक लिहिले ती मुले शेवटच्या रांगेत चुळबुळत असतात. थोड्या वेळाने कोणी स्वयंसेवक त्यांना गप्प बसण्याविषयी दटावतो आणि ती अंगणात खेळायला निघून जातात. पुस्तक मंचावरच राहते.

शुभवर्तमानातील एक प्रसंग अशा वेळी हटकून आठवतो. लोक आपल्या बालकांना प्रभू येशूकडे घेऊन आले तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावले, आणि ते पाहून प्रभू रागावला, असे संत मार्क सांगतो. शिष्यांचा हेतू वाईट नव्हता. ते आपल्या गुरूची प्रतिष्ठा सांभाळत होते. आमच्या समारंभांतही कोणाचा हेतू वाईट नसतो. सर्व जण कोणाची ना कोणाची प्रतिष्ठाच सांभाळत असतात. तथापि, परिणाम तोच होतो: मुले बाहेर आणि मोठी माणसे आत. हे लिहिताना आम्ही स्वतःला वेगळे काढीत नाही. अशा मंचावर आम्हीही शाल पांघरून बसलो आहोत, पुस्तक न वाचता त्याविषयी बोललोही आहोत. म्हणूनच आज हा विषय थोड्या कठोरपणे मांडण्याचा आम्हाला अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम या लेखकाच्या संसाराचा हिशेब पाहू. समजा, पुस्तकाची किंमत ६० रुपये आहे आणि प्रकाशक १० टक्के मानधन देतो. म्हणजे प्रतीमागे ६ रुपये झाले. चित्रपुस्तकात चित्रकाराचा वाटा निम्मा धरला तर लेखकाच्या हाती ३ रुपये उरतात. हजार प्रती खपल्या तर ३,००० रुपये, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षे लागली तर तेवढ्या वर्षांचे मिळून ३,००० रुपये! ज्याला प्रकाशक मिळत नाही तो स्वतःच्या पैशाने पुस्तक छापतो. त्याचा गठ्ठा घरातल्या पलंगाखाली जातो आणि सभागृहाचे भाडे, निमंत्रणपत्रिका, चहा-फराळ, सन्मानचिन्हे हा सारा खर्चही त्याच्याच खिशातून होतो. मंचावरच्या सात शालींच्या किमतीत त्या पुस्तकाच्या किती प्रती मुलांच्या हाती पडल्या असत्या, याचा हिशेब सुज्ञ वाचकांनीच करावा.

समारंभ संपला की दुसरा अध्याय सुरू होतो. परिचित मंडळी लेखकाला घेरतात आणि सही करून एक प्रत भेट देण्याचा प्रेमळ आग्रह धरतात. मासळीवालीकडून पापलेट फुकट मागण्याची आपली हिंमत होत नाही. सुताराकडून खुर्ची, शिंप्याकडून झबले आपण विकतच घेतो. लेखकाची मेहनत मात्र आपल्याला आपलेपणाच्या नात्याने फुकट हवी असते. शाळा त्याला गोष्ट सांगायला बोलावतात. तो स्वतःच्या खर्चाने जातो, घसा कोरडा होईपर्यंत मुलांना रमवतो आणि गुलाबाचे एक फूल घेऊन परत येतो. त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात वाद्यवृंदाला आगाऊ पैसे मिळालेले असतात. मग हाच लेखक भ्रमणध्वनीवरच्या गटांतून आपल्या पुस्तकाची चित्रे पाठवू लागतो, प्रती मागवण्याची विनंती करू लागतो, आणि आपणच कुजबुजतो की हा माणूस फारच मिरवतो. आम्ही विचारतो, त्याने दुसरे काय करावे? पुस्तक विकत घ्यायचे आपण नाही, आणि विकणाऱ्याला नावे मात्र ठेवायची!

पुस्तकाचा प्रचार करणे हे पाप नव्हे. 'पीटर रॅबिट'ची लेखिका बिएट्रिक्स पॉटर हिचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १८९३ साली तिने एका आजारी मुलाला पत्रातून सशाची एक चित्रमय गोष्ट पाठवली. पुढे तिचे पुस्तक करायचे ठरवले तेव्हा एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. डिसेंबर १९०१ मध्ये तिने पदरमोड करून २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये एका प्रकाशन संस्थेने ते पुस्तक रंगीत चित्रांसह काढले आणि १९०३ मध्ये तिने स्वतः त्या सशाची बाहुली तयार करून तिचे हक्क नोंदवले. म्हणजे व्यवहार तिला उत्तम कळत होता. मात्र तिचा एक आग्रह ध्यानात घेण्याजोगा आहे. पुस्तक आकाराने लहान असावे, लहानग्यांच्या हातात मावावे आणि त्याची किंमत त्यांना परवडेल एवढीच असावी. तिच्या साऱ्या व्यवहाराचे तोंड मुलाकडे होते. आपल्या समारंभांचे तोंड छायाचित्रकाराकडे असते. आमचा वाद एवढाच आहे.

आता आमच्यावर जे आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहोत. पहिला आक्षेप असा की, चार ओळींच्या पुस्तकाचे एवढे कौतुक कशाला? पानावर दोन वाक्ये आणि एक चित्र, हे कोणीही लिहील. या आक्षेपकांनी एकदा लिहून पाहावे. बहुसंख्य चित्रपुस्तके २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण छापील मोठा कागद घडी घालून आठ किंवा सोळा पानांचा एकेक जुळा होतो. त्या ठरलेल्या पानांतच गोष्ट उघडायची, वाढवायची आणि मिटवायची असते. पान उलटताना मुलाचा श्वास कोठे अडकला पाहिजे हे लेखकाला आधी ठरवावे लागते. चित्र जे दाखवते ते शब्दांनी पुन्हा सांगायचे नसते, आणि शब्द जे सांगतात त्यापेक्षा चित्राला काही अधिक ठाऊक असावे लागते. शिवाय हे पुस्तक एकाच मुलाला शंभर वेळा वाचून दाखवायचे असते. शंभराव्या वेळीही न विटणारी दोन वाक्ये लिहिणे हे दोनशे पानांची कादंबरी लिहिण्याइतकेच जोखमीचे काम आहे.

मुलांच्या चित्रपुस्तकाच्या परंपरेत मानाने घेतले जाणारे 'ऑर्बिस पिक्टस' १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता योहान कोमेनियस हा बोहेमियन बंधुमंडळाचा बिशप होता. १६५६ मध्ये युद्धात त्याचे घर आणि हस्तलिखिते जळाली, देशातून परागंदा व्हावे लागले ते वेगळेच. तरीही या विद्वान माणसाला मुलांसाठी चित्रांचे पुस्तक रचणे कमीपणाचे वाटले नाही. आणि चित्रकाराचे काय? अमेरिकेत १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकारासाठी कॅल्डेकॉट पदक दिले जाते. आपल्या निमंत्रणपत्रिकेत ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार असतात, चित्रकाराचे नाव मात्र शोधावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी चित्रपुस्तक वाचणार कोण? याला आमचे उत्तर असे की, चित्रपुस्तक मूल वाचत नाही, ते मुलाला वाचून दाखवले जाते. तीन वर्षांच्या मुलाला ना इंग्रजी वाचता येते ना मराठी. त्याला मांडीवर घेणारी आजी मराठी वाचू शकते. ती वाचता वाचता मध्येच घरच्या बोलीत उतरते, विहीर, वाडी, केळीचे लोंगर, ओहोटीची खाडी अशा आपल्या आठवणी त्या चित्रात मिसळते. इंग्रजी पुस्तक आणून दिले की आजी त्या खेळातून बाद होते. आजी बाद झाली की बोली बाद होते, आणि बोलीबरोबर प्रार्थनेचे पहिले शब्दही. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी आपण मुलांना जे परदेशी सचित्र बायबल भेट देतो, त्यातील सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा येशू पाहून मुलाचा असा समज होतो की देव दूरच्या देशातला आहे आणि तो इंग्रजीच बोलतो. हे नुकसान कोणत्या गुणपत्रिकेत मोजणार?

आणि मराठीशी आपले नाते काही कालपरवाचे नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेज्वीट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी येथील लोकांना आपली भाषा शिकण्याची सक्ती केली नाही. स्वतः मराठी शिकून त्यांनी ओवीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांपैकी रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या थोर कवीने 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाच्या संपादनाचे काम आनंदाने केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आपली छाती अभिमानाने फुगली होती. मोठ्यांच्या मराठीचा अभिमान आणि मुलांच्या मराठीची उपेक्षा, ही विसंगती आम्हाला अस्वस्थ करते. फांदीवरचे फळ मिरवायचे आणि मुळाला पाणी घालायचे नाही, असा हा प्रकार आहे.

तिसरा आक्षेप किमतीचा. चाररंगी छपाई महाग पडते हे खरे आहे. चित्रे, रंगविभाजन, मुद्रणपूर्व तयारी यांचा खर्च पाचशे प्रती काढा की पाच हजार, जवळपास तेवढाच येतो. प्रती वाढल्या की तो वाटला जातो आणि पुस्तक स्वस्त होते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके स्वस्त असण्यामागे हेही एक कारण आहे. म्हणजे पुस्तक महाग म्हणून आपण घेत नाही, आणि आपण घेत नाही म्हणून ते महाग होते! हे चक्र ग्राहकानेच तोडायचे असते. ज्यांना खरोखरच परवडत नाही त्यांच्यासाठी 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत. आणि दर्जाची शंका घेणाऱ्यांनी माधुरी पुरंदरे यांची, ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तके पाहावीत. शब्दही त्यांचे, चित्रेही त्यांचीच. २०१६ मध्ये 'बिग लिटल बुक' पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या भाषेत उत्तम काही निर्माण होत नाही, ही सबब आता चालणार नाही.

केवळ टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांपुढे आणि मंडळांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. बालपुस्तकाचे प्रकाशन रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात करावे, मंच नसावा, सतरंजी असावी. भाषण एकच, तेही पाच मिनिटांचे. उरलेल्या वेळात लेखकाने पुस्तक वाचून दाखवावे आणि चित्रकाराने मुलांसमोर चित्र काढावे. शाल-श्रीफळाच्या खर्चातून प्रती विकत घेऊन त्या वर्गाच्या कपाटात ठेवाव्यात. कपाटाला कुलूप नसावे. लेखकाला बोलावल्यास प्रवासखर्च आणि मानधन पाकिटात घालून द्यावे, गुलाब दिला नाही तरी चालेल. स्नानसंस्कार आणि पहिले कम्युनियन या प्रसंगी धर्ममाता-धर्मपित्यांनी सोन्याच्या साखळीबरोबर एक मराठी चित्रपुस्तकही द्यावे. आणि कोणीही, कोणत्याही नात्याने, लेखकाकडे फुकट प्रत मागू नये.

यावर कोणी म्हणेल की, मंच नसेल तर मान्यवर येणार नाहीत. न येवोत. पुस्तकाचे खरे प्रकाशन फीत सुटल्याने होत नसते. रात्रीची रोझरी आटोपल्यावर एखादी आजी चष्मा पुसते, नातू तिच्या मांडीवर चढतो, पहिले पान उघडते आणि तो चित्रावर बोट ठेवून हे काय आहे म्हणून विचारतो, त्या क्षणी ते होते. त्या समारंभाला सात खुर्च्या लागत नाहीत. एक मांडी लागते, आणि ती प्रत्येक घरात आहे. प्रश्न इतकाच आहे की त्या मांडीवर ठेवायला आपण पुस्तक आणतो का.