शिर्डीचं विमान आणि टॉवरमधली रातपाळी

संध्याकाळी गच्चीवर बसून फ्लाइटरडार24 उघडायचं आणि काकडीच्या धावपट्टीकडे सरकणारं पिवळं विमान बघायचं, हा माझा जुना छंद. शिर्डी विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाला, तेव्हापासूनचा. विमान आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतं, त्याला एडीएस-बी म्हणतात. जमिनीवरचे रिसीव्हर ते सिग्नल पकडतात आणि ॲपवर आपल्याला विमान दिसतं.

दोन विमानांत अंतर किती ठेवायचं, आधी कोणाला उतरवायचं, हे मात्र अजून माणूसच ठरवतो. तो म्हणजे एटीसी कंट्रोलर. आणि त्याला पाळ्या असतात.

पाळी बदलली की काय होतं ते आपल्या नगर जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. माझे काका साखर कारखान्यात होते. सीझनमध्ये रातपाळीची झोप अंगवळणी पडेपर्यंत पुढची पाळी लागायची. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच, कितीही चहा प्या.

अमेरिकेत लेक्सिंग्टनला 27 ऑगस्ट 2006 च्या पहाटे एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडायला गेलं. 49 जण गेले. चूक वैमानिकांची, असाच चौकशीचा निष्कर्ष होता. पण टॉवरमध्ये कंट्रोलर एकटाच होता, दोन पाळ्यांमध्ये त्याला जेमतेम दोन तास झोप मिळाली होती, आणि नेमक्या त्या क्षणी तो दुसऱ्या कामाकडे वळला होता.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने हाच विषय काढला. कंट्रोलर कमी, त्यामुळे ताण जास्त. ड्युटीच्या तासांना डीजीसीएने घातलेल्या मर्यादेतून विमानतळ प्राधिकरणाने सूट घेतलेली, तीही समितीला खटकली. थकवा मोजून त्याप्रमाणे पाळ्या लावणारी यंत्रणा कंट्रोलरांसाठीही आणा, असं समितीने सांगितलं.

मग 'एआय आहे ना?' असं कोणीतरी विचारतंच. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीला फ्लाइट प्लॅनचे संदेश पोचवणारी एएमएसएस ही यंत्रणा बिघडली. कंट्रोलरांना ते काम हाताने करावं लागलं आणि 800 च्या वर विमानं लेट झाली. म्हणजे मशीन बसलं की सगळा भार त्याच माणसांवर, आणि तोही अचानक. एरवी नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचं असेल तर डोळा लागण्याची भीती उलट वाढते. रात्री दोनला रील्स बघताना फोन तोंडावर पडतो ना, तसंच.

थकवा ओळखणारे कॅमेरे आणि घड्याळं बाजारात आली आहेत. हरकत नाही, लावा. पण घड्याळाने 'हा माणूस दमलाय' असं सांगितलं तर त्याच्या खुर्चीवर बसायला दुसरा माणूस रोस्टरवर हवा. म्हणून शिर्डीला रात्रीची विमानं वाढल्याची बातमी आली की मी आता फेऱ्यांच्या आकड्यासोबत टॉवरमध्ये किती माणसं वाढली तेही शोधतो.