कार्ड बदलण्याआधी

नव्याने असेम्बल केलेल्या मशीनवर विंडोज ११ टाकायला घ्यावे आणि ते नेटवर्क जोडण्याच्या पडद्यावर अडून बसावे, हा अनुभव आता आपल्यापैकी बहुतेकांना आहे. केबल लावलेली असते, राउटर चालू असतो, पण गाडी पुढे सरकत नाही. मग घाईघाईत विंडोज पुन्हा टाकले जाते, नाहीतर ‘बोर्डावरचे लॅन गेले’ असे सांगून ग्राहकाच्या माथी वेगळे कार्ड मारले जाते. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

हल्लीच्या अनेक मदरबोर्डवर रिअलटेक ८१२५ किंवा इंटेल आय२२६-व्ही अशा २.५ गिगाबिटच्या चिप असतात. पेनड्राइव्हवरचे विंडोज चिपपेक्षा जुने असले, की तिचा ड्रायव्हर त्यात सापडत नाही. ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट ड्रायव्हरवाचून नाही, असा पेच पडतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टिदरिंग चालू करा. बहुधा तेवढ्यावर काम भागते. लिनक्स टाकणाऱ्यांनी कर्नल पाहावे. ८१२५ साठी ते किमान ५.४ हवे.

दोष शोधायचा तो क्रमाने. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनचा मागमूसच नसेल, तर बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद आहे का ते पाहा. ‘ईथरनेट कंट्रोलर’वर पिवळी खूण दिसली, तर ड्रायव्हर नाही. त्याच्या हार्डवेअर आयडीत व्हेंडर १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची. पुढचा डिव्हाइस क्रमांक नेमके मॉडेल सांगतो. त्यावरून बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरचाच ड्रायव्हर घ्या. कुठल्या तरी ड्रायव्हर पॅकच्या भरवशावर ग्राहकाचे मशीन सोडू नका. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर विंडोजने कार्ड ओळखले आहे, पण त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. तेव्हा मशीन उघडण्याआधी केबल, स्विच आणि राउटर तपासा.

वेगाच्या तक्रारीत तर केबलकडेच आधी पाहावे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. ४, ५, ७, ८ या पिनांवरच्या निळ्या आणि तपकिरी जोडीतली एक तार क्रिम्पिंगमध्ये नीट बसली नाही, तरी लिंक लागते, इंटरनेट चालते, पण वेग १०० वर अडकतो आणि बोल कार्डाला लागतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल हा दोष वाढवते, कारण तिच्या तारा लवकर तुटतात. नवा कनेक्टर काही रुपयांत येतो, कार्डाला काहीशे रुपये पडतात.

ब्रँडेड मशीन घेणाऱ्याच्या पाठीशी कंपनी असते. असेम्बल्ड मशीन घेणाऱ्याच्या पाठीशी फक्त आपण असतो, आणि निदान न करता बदललेला प्रत्येक भाग हा त्या विश्वासाला तडा आहे. म्हणून प्रत्येक मशीन देताना लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर द्या, चिपचा क्रमांक बिलावर लिहा आणि लिंकचा वेग ग्राहकाला पडद्यावर दाखवा. पुढच्या मशीनपासूनच हा शिरस्ता पाडावा, ही सर्व व्यावसायिक मित्रांना आग्रहाची विनंती.